धाकटी चढायची राहिली होती

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांची सख्खी भाची लहानपणी एकदा वर्कशॉपच्या दारात येऊन "मामा" अशी हाक मारून गेली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणतात, आणि साहेब त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत.

मी तिथे कामाच्या याद्या लावतो. कोणी कुठल्या इमारतीत जायचं, कुठला दोर बदलायचा, कुठला ब्रेक घासलाय, हे रोज सकाळी माझ्या टेबलावरून ठरतं. एकोणीस वर्षं मी मामांना कामावर धाडतोय, आणि त्यांच्याबद्दल इमारतवाल्यांची एकच तक्रार आजवर आली आहे. प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये एक तपासणी कार्ड टांगलेलं असतं. त्यावर चौदा रकाने. बाकीचे लोक चौदाच्या चौदा रकान्यांत एका दमात खुणा करून मोकळे होतात. मामा अकरा खुणा करतात आणि खाली लिहितात, "उरलेले तीन उद्या." मग लिफ्ट बंद राहते, पाचव्या मजल्यावरच्या आजीबाई फोन करतात, आणि शिव्या मी खातो. मामांना काही बोललं तर ते शांतपणे म्हणतात, "जे मी बघितलं नाही, त्यावर सही कशी करू?"

अशा माणसानं आयुष्यभर एक थाप सांभाळली होती, हे मला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पुढचं सगळं त्यांनी मला स्वतः सांगितलं. काही त्यांच्या भाचीनं सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात कुठे फरक निघाला नाही.

मामा बावीस वर्षांचे असताना लंबू नावाच्या मित्राबरोबर सात आठवडे डोंगरात भटकले होते. शेवटच्या बसथांब्यापासून पाच-सहा दिवस चाललं की तीन शिखरं लागतात. आसपासचे लोक त्यांना बहिणी म्हणतात. थोरली, मधली आणि धाकटी. थोरली सगळ्यात उंच, पण स्वभावानं गरीब. मधली लांबलचक. धाकटी उंचीनं कमी आणि चढायला सगळ्यात नाठाळ. त्या उन्हाळ्यात दोघं थोरली चढले, मधली चढले, आणि धाकटीच्या पायथ्याच्या खिंडीत लंबूचं पोट बिघडलं. दोन दिवस ते तंबूत पडून राहिले. आभाळ भरून आलं, पाव संपला, आणि दोघं मुकाट्यानं परत फिरले.

स्टेशनवर थोरला भाऊ घ्यायला आला होता. त्यानं विचारलं, "तिन्ही झाल्या?"

मामा म्हणाले, "झाल्या."

"'दोन झाल्या, तिसरी राहिली' एवढं म्हणायला चार शब्द लागले असते," मामा मला म्हणाले. "माझ्यात एका शब्दाचं त्राण होतं."

भावानं आईला सांगितलं, आईनं सगळ्या इमारतीला सांगितलं. लंबू दोन महिन्यांत नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिकडचाच झाला, त्यामुळे खोडून काढायला कुणी उरलं नाही. मग आमच्या कंपनीत भरती निघाली. तेव्हाच्या फोरमनना कुणीतरी सांगितलं की या पोरानं एका उन्हाळ्यात तीन शिखरं मारली आहेत, आणि त्यांनी मान डोलावली. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी शिखरांचा विषय काढला. भाचीनं चौथीत "माझा मामा" असा निबंध लिहिला, त्याला पहिला नंबर मिळाला आणि तिनं तो स्टेजवरून वाचून दाखवला. मामा पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या पडत होत्या आणि यांना खुर्चीत कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं.

"मी खोटं एकदाच बोललो," ते म्हणाले. "पुढची तीस वर्षं लोक बोलत राहिले, मी नुसती मान हलवली. पण मान हलवायलाही ताकद लागते."

गेल्या वर्षी भाचीचं शिक्षण संपलं. ती फिजिओथेरपीवाली. नोकरी लागली होती, पण रुजू व्हायला अडीच महिने होते. एका रविवारी ती मामांच्या घरी आली, जेवणाच्या टेबलावरचं मामींचं शिवणकाम बाजूला सारलं आणि एक मोठा नकाशा पसरला.

"मामा, सहा आठवडे. तू आणि मी. तू गेला होतास त्याच वाटेनं."

"अगं, माझे गुडघे..."

"मी गुडघ्यांचंच शिकले आहे. तुझ्या गुडघ्यांची जबाबदारी माझी."

"रजा कुठे मिळणार एवढी?"

यावर मामी शिलाई मशीनमागून म्हणाल्या, "एकतीस वर्षांची रजा साठून बुरशी लागलीय तिला. जा की."

मामांनी माझ्याकडेही एक केविलवाणा प्रयत्न करून पाहिला. "उन्हाळ्यात माणसं कमी पडतील ना रे?" मी भाबडेपणानं म्हटलं, "मामा, तुम्ही बिनधास्त जा, मी सांभाळतो." आज आठवलं की हसू येतं.

ते गेले त्याला आणखी एक कारण होतं. त्यांनी मनाशी हिशेब मांडला होता की एकदा धाकटी चढून आलो की झालं. कार्डावर राहिलेली खूण मागाहून करून टाकायची. तारीख कोण बघतंय?

पहिला आठवडा खांद्यांनीच गाजवला. सोळा किलोची सॅक, त्यात तंबू, अर्धा दोर, आठ दिवसांचं खाणं. भाची टाचांना पट्ट्या चिकटवायला शिकवायची, मामा तिला गाठी शिकवायचे. गाठींच्या बाबतीत त्यांना कुणी हात धरणार नाही. संध्याकाळी चार-साडेचारलाच ते तंबू ठोकत, ओढ्यात पाय सोडून बसत आणि सूप उकळेपर्यंत काहीही बोलत. मामांना मनापासून मजा येत होती. त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं.

नवव्या दिवशी ते थोरलीवर पोहोचले. माथ्यावर दगडांच्या ढिगात एक पत्र्याची पेटी होती. मामांना ती आठवत होती, पण ती अजून असेल असं वाटलं नव्हतं. आत वह्या. येणारा प्रत्येक जण नाव आणि तारीख लिहून जातो. भाचीनं खालची जुनी वही काढली आणि मांडी घालून एकेक पान उलटायला बसली. पंधरा मिनिटांनी ती ओरडली, "सापडलं."

बावीस वर्षांच्या मामांचं अक्षर होतं. दोघांची नावं, तारीख, आणि खाली एक ओळ: "वारा फार. लंबूची टोपी गेली."

भाचीनं त्या पानाचा फोटो काढला, परत एकदा काढला. "आता मधलीवर शोधायचं, मग धाकटीवर. तिन्ही फोटो एका फ्रेममध्ये. तुझ्या वर्कशॉपमध्ये लावू."

मामांनी पुढचा हिशेब केला. धाकटीवरही पेटी असणार. तिच्यातही जुनी वही असणार. आणि ही पोरगी पंधरा मिनिटं सोडा, तीन तास बसेल, पण पान न पान बघेल.

पुढचे दिवस सुंदर होते, आणि ते सुंदर दिवस मामांनी झुरत काढले. गुडघाभर गवत, लहान लहान तळी, सकाळी तंबूवर साचलेलं दव. एका गावातल्या दुकानात मामींनी पोस्टानं पाठवलेलं पार्सल वाट बघत होतं. त्यात मोजे, सुका मेवा आणि "जपून" एवढाच शब्द लिहिलेली चिठ्ठी. एकविसाव्या दिवशी मधली झाली. तिथल्या वहीतही नाव सापडलं. भाची खूश. मामा म्हणाले, "चल, उतरू या, ढग येताहेत." आभाळ निरभ्र होतं.

सत्ताविसाव्या दिवशी ते धाकटीखालच्या खिंडीत आले. मामांनी जागा ओळखली. तंबू लावला होता तो सपाट तुकडा, लंबू ज्याच्या आड सारखा पळत होता तो खडक, सगळं तसंच. इथपर्यंतची वाट त्यांना पाठ होती. इथून पुढं एक पाऊलही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक हलक्या करून दोघं निघाले. समोर दोन घळी वर जात होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. भाचीनं नकाशा काढला, पण तो एवढा बारीक काही सांगत नव्हता.

"कुठून रे?"

मामांनी वर पाहिलं. डावीकडची जरा रुंद वाटली. "डावीकडून."

"नक्की?"

"हो, हो. इकडूनच."

तासभर चढले. घळ रुंद होती, पण आतला एक दगड जागेवर बसलेला नव्हता. पाय ठेवला की दगड खाली, आणि त्याच्याबरोबर आणखी चार. भाची पुढं होती. तिनं एका मोठ्या दगडाला हात घातला आणि तो दगड हलला. ती कोपरावर आपटली आणि तीन-चार फूट घसरून थांबली. तो दगड मामांच्या डाव्या बाजूनं, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून, धडधडत खाली गेला. बराच वेळ त्याचा आवाज येत राहिला.

ती म्हणाली, "मी ठीक आहे." कोपर सोललं होतं, रक्त येत होतं. तिनं मनगट, बोटं, खांदा असं एकेक हलवून पाहिलं, अगदी पेशंटचं बघावं तसं. मग म्हणाली, "पुढं असंच आहे का? तुला आठवतंय काही?"

मामा मला म्हणाले, "त्या क्षणी मला आपलं कार्ड दिसलं बघ. चौदा खुणा केलेलं, एकही न तपासलेलं. आणि लिफ्टमध्ये ही उभी."

ते तिथेच बसले. "खाली चल," ते म्हणाले. "मला वाट माहीत नाही."

"म्हणजे विसरलास?"

"विसरलो नाही. मी इथून वर कधी गेलेलोच नाही. आम्ही खिंडीतून परत फिरलो होतो. लंबू आजारी पडला होता. मी घरी खोटं सांगितलं."

"निबंधात लिहिलं होतं मी," भाची म्हणाली.

"हो."

"आणि आत्ता खाली तू म्हणालास, 'नक्की, इकडूनच.'"

"हो."

"मामा, ते तीस वर्षांपूर्वीचं मला काही नाही. पण हे एका तासापूर्वीचं आहे."

दोघं एकेक दगड चाचपत उतरले. वर जायला तास लागला होता, खाली यायला अडीच लागले. उतरताना ती "इथे पाय नको," "हा पक्का आहे," एवढंच बोलत होती. मामा सांगतात की त्या अडीच तासांत त्यांना जेवढं घाबरायला झालं तेवढं आयुष्यात कधी झालं नव्हतं. ती शेवटच्या दगडावरून गवतावर उतरली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. ते गवतावर आडवेच झाले. आणि तसं पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की भीती गेली आहे. दगडांची तर गेलीच होती. ती दुसरीसुद्धा, स्टेशनपासूनची, जागेवर नव्हती. भाची रागावली होती, त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही छाती मोकळी झाली होती.

त्या दुपारपासून पाऊस लागला. दीड दिवस दोघं एका तंबूत. भाची पुस्तक वाचत होती, पानं मात्र फारशी उलटत नव्हती. मामांनी तिच्या कोपराची पट्टी बदलली, तिनं बदलू दिली. सूप केलं, तिनं प्यायलं. मामांनी मध्ये एकदा माफी मागितली तर ती म्हणाली, "थांब, मला अजून पुरतं रागावून झालेलं नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. तंबूची चेन उघडून ती बाहेर बघत बसली होती. अचानक म्हणाली, "सगळ्या खानदानाला मामा बनवलंस, मामा."

मामांना आधी कळलंच नाही. मग ती हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली, आणि मामांनाही हसू आवरेना. ओल्या तंबूत दोघं पोट धरून हसत होते.

"आजीला पण?"

"आजीला पहिली."

"आणि मामीला?"

मामा हसायचे थांबले. "तिला सांगायचंय," ते म्हणाले. "खाली गेल्यावर पहिलं तेच करायचंय."

"मग आता परत जायचं?"

"तू म्हणशील तसं."

भाचीनं विचार केला. "वाट माहीत असलेल्याला विचारू या. मग ठरवू."

खिंडीच्या पलीकडे अर्ध्या दिवसाच्या उतारावर एक निवारा होता. सहा खाटा, एक शेगडी. तो सांभाळणाऱ्या बाई वीस उन्हाळे तिथंच राहत होत्या. मामांनी त्यांना सरळ सांगितलं की आम्ही डावीकडच्या घळीत शिरलो होतो.

"तिथं बकऱ्यासुद्धा जात नाहीत," बाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच," मामा म्हणाले.

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, मग एका पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलनं आकृती काढून दिली. घळीत शिरायचंच नाही. उजव्या घळीच्याही उजवीकडून धारेवर जायचं, मधल्या कड्याला डावा हात लावून वळायचं, आणि माथ्याखाली जी उभी भेग आहे तिथं दोर लावायचा. मामांनी प्रत्येक टप्पा दोनदा विचारला. बाई शेवटी वैतागल्या आणि म्हणाल्या, "परीक्षा आहे का?"

बत्तिसाव्या दिवशी ते चढले. धार अरुंद होती पण दगड पक्का होता. प्रत्येक टप्प्यावर मामा पाकीट काढून बघत, बोट ठेवत आणि मगच "चल" म्हणत. भेग वीसेक फुटांची होती. भाची आधी गेली, वरून तिनं दोर धरला. मामा मध्यावर अडकले, उजवा गुडघा कुरकुरला, ते दोन मिनिटं तसेच कपाळ दगडाला टेकून उभे राहिले. वरून आवाज आला, "घाई नाही." मग ते वर आले.

माथा एवढासा होता, चार माणसं दाटीनं बसतील एवढा. दगडांत पेटी होती. भाचीनं झाकण उघडलं. आत एकच वही होती. पहिल्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं: जुनी पेटी वीज पडून फुटली, वह्या पावसात गेल्या, ही नवी ठेवली आहे. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

भाचीनं ते मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे तू गप्प बसला असतास तरी चाललं असतं."

"हं."

"वाईट वाटतंय?"

मामांनी मला सांगितलं की ते खोटं बोलणार नव्हते, म्हणून आधी नीट आठवून पाहिलं. "एक क्षणभर वाटलं," ते तिला म्हणाले. "आता नाही. आधी सांगून टाकलं तेच बरं झालं. नाहीतर ही वही बघून मी आनंदानं नाचलो असतो, आणि तुझ्याबरोबर इथं बसून पुन्हा मान हलवली असती."

त्यांनी वहीत नाव लिहिलं, तारीख घातली आणि पुढं लिहिलं, "पहिल्यांदाच."

उतरायला त्यांना आठ दिवस लागले. पहिल्या गावात फोनला रेंज आली, तेव्हा मामांनी बसथांब्याच्या बाकावर बसून घरी फोन लावला. भाची मुद्दाम दुकानात शिरली. मामांनी आडवळण न घेता सगळं सांगितलं. स्टेशन, भाऊ, लंबू, डावीकडची घळ, सगळं.

"ऐकतेयस ना?"

"एवढंच?" मामी म्हणाल्या.

"एवढंच म्हणजे?"

"अहो, निघायच्या आधी महिनाभर तुमचं जेवणात लक्ष नव्हतं. विम्याचे कागद काढून एका फाईलमध्ये लावलेत. डॉक्टरकडे जाऊन आलात आणि मला रिपोर्ट दाखवला नाहीत. मला वाटलं काहीतरी मोठं निघालंय आणि हा माणूस शेवटचं म्हणून डोंगर बघायला चाललाय. सहा आठवडे मी इथं देव पाण्यात घालून बसलेय."

"अगं, रिपोर्ट चांगला होता. नापास झालो असतो तर न जायला कारण मिळालं असतं, म्हणून गेलो होतो. पास झालो म्हणून लपवला."

मामी रडायला लागल्या. मग रडता रडता त्यांनी मामांना जे काही सुनावलं ते मामांनी मला सांगितलेलं नाही. पण सांगताना ते इतके खुशीत होते की ऐकण्यासारखं असणार.

कामावर परत आल्याच्या दिवशी, डबे उघडले तेव्हा, मामांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकलं. मग आमच्या वेल्डरनं विचारलं, "पण आता तीन झाली ना?"

"आता झाली."

"मग ठीक आहे," असं म्हणून तो जेवायला लागला. मामा जरा खट्टू झाले. इतक्या वर्षांच्या ओझ्याला निदान थोडा गलका तरी व्हायला हवा होता, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी जुन्या फोरमनना फोन केला. ते ऐंशीच्या पुढं गेलेत. त्यांना शिखरांचं काहीच आठवत नव्हतं. "तुला घेतलं कारण भरतीच्या दिवशी तू लिफ्टच्या शाफ्टमध्ये पाय टाकायच्या आधी विचारलंस की मेन स्विचची किल्ली कुणाकडे आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी बाकीचे सगळे तसेच आत शिरले होते."

भाची नोकरीच्या गावी गेली. दर आठवड्याला फोन करते, आणि मामा काही ठामपणे बोलले की विचारते, "नक्की?" मामा थांबतात, विचार करतात, आणि कधी कधी म्हणतात, "नाही, नक्की नाही."

मामींनी मात्र तोंडी हमीवर विश्वास ठेवला नाही. परत आल्यावर पंधरा दिवसांत त्या स्वतः मामांना घेऊन तपासणीला गेल्या. रक्त, छाती, डोळे, सगळं. निघाला तो एक झिजलेला उजवा गुडघा. डॉक्टरांनी रिपोर्ट मामांच्या हातात द्यायला हात पुढं केला, तो मामींनी मधेच घेतला, दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मग दोघं समोरच्या उपाहारगृहात बसून एकेक कप चहा प्यायले.